दखल

मालाडच्या मागच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर,
रात्री दहा ते सकाळी सात
मी खेळणाऱ्यांच्या तक्रारी बघते.
'हा भिंतीपलीकडचं बघतो.'
'याचा नेम माणसाचा नाही.'
'हिने मला तीनदा मारलं, म्हणजे नक्की काहीतरी आहे.'
एका तक्रारीला वीस सेकंद.
वीस सेकंदांत कपातला चहासुद्धा निवत नाही,
मी मात्र चोर की साव ठरवून मोकळी.

तक्रार करणाऱ्याला लगेच उत्तर जातं:
आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे.
ते मी पाठवत नाही. आपोआप जातं,
मी फाइल उघडायच्या आधी,
कधी कधी मी ती उघडणारच नसते, तरी.

नणंदेचा मुलगा विचारतो,
'मामी, रिपोर्ट मारून खरंच काही होतं का गं?'
मी म्हणते, होतं.
मग भाजी परतता परतता म्हणते, कधी कधी.
मग गॅस बारीक करते.

कन्नमवार नगरात बाबांचं कॅरमचं मंडळ होतं.
पंच पेडणेकर. एका डोळ्यात मोतीबिंदू,
पण कुणाचं कोपर जरा पुढे सरकलं
की बाकड्यावरूनच ओरडायचे, 'ड्यू!'
त्यांच्यावर अपील नव्हतं.
सुदाम घरतला त्यांनी एकदा उगाच धरलं.
सोंगटी बोर्डाला धक्का लागून पडली होती, त्याच्या बोटाने नव्हे.
मी पाहिलं होतं. आठ वर्षांची होते, बोलले नाही.
घरत पुन्हा खेळायला आला नाही,
येता-जाता फक्त पावडरच्या डब्याकडे बघायचा.
म्हणून कुणी 'पूर्वी बरं होतं' म्हटलं
की मी गप्प बसते.

इथे सोमवारी 'काळभैरव_०९'ला हाकलला,
बुधवारी तो 'साधा_मुलगा' होऊन आला.
नाव नवं, फोन नवा,
कोपऱ्यावर वळण्याआधी दोनदा खाली बसायची खोड तीच.
मी ओळखला.
खोडीसाठी रकाना नाही.
यंत्र म्हणालं, स्वच्छ.

आणि गेल्या आठवड्यात मी जिला काढलं
तिचं अपील चुकून माझ्याच रांगेत पडलं.
इंग्रजी अक्षरांत मराठी:
'मॅडम किंवा सर, मी चीटिंग नाय करत.
आमची बिल्डिंग मानखुर्दला. जिन्यात लाइट नाय, लिफ्ट बंद.
कोण वर येतंय ते आम्ही पावलांवरून ओळखतो,
पप्पा पिऊन आलेत का ते पण.
धुरात तो डावीकडून आला, मला ऐकू आलं.
माझी एवढी एकच आयडी आहे.
शबनूर शिकलगार.'

मी ती चित्रफीत पुन्हा लावली,
हेडफोन घालून.
पहिल्या वेळी घातले नव्हते.
आवाज बंद ठेवूनच बघा म्हणतात, वेळ वाचतो.
धूर.
नुसता धूर.
मग डावीकडे, पत्र्यावर,
दोन पावलं.

अपिलं दुसऱ्या टीमकडे जातात.
ती टीम कुठे बसते मला माहीत नाही,
माणसांची आहे का, तेही नाही.
शेऱ्याच्या चौकोनात मी लिहिलं: आवाज ऐका.
चौकोन छोटा असतो. तेवढंच मावलं.

सकाळी गाडीने हायवेला सोडलं.
तीन मजले चढले, चपला हातात घेऊन,
सगळे झोपलेले असतात म्हणून.
बेलकडे बोट नेलं
तोवर सासूबाईंनी आतून कडी काढली.
'दुसऱ्या मजल्यावर थांबलीस आज,' म्हणाल्या,
'पाय दुखतायत का?'

प्रकरण अजून उघडंच आहे.
शिफ्ट सुरू झाली की आधी तिचं नाव टाकून बघते.
बाजूला हिरव्या अक्षरांत येतं,
मलासुद्धा,
दखल घेतली आहे.